लाइन

देवळाच्या भोंग्यावर त्या वर्षी बावाजींची कॅसेट लागायची.
बावाजी जाऊन सहा वर्षं झाली होती,
आवाज मात्र रोज सातला
मालगुजारी तलाव ओलांडून
ढिवर मोहल्ल्यात जायचा.

कॅसेट लावायचं काम माझं.
दुसरी बाजू फक्त; पहिलीवर कोणीतरी
दंडारीतला झगडा भरून ठेवला होता.

त्या संध्याकाळी माती आणि मडकं,
सोनं आणि पाटल्या, जुन्याच गोष्टी,
मधेमधे खाकरणं.
मग बावाजी जवळ सरकल्यासारखे म्हणाले,
'लेकरा, ज्याला शोधतोस तो तूच...'

आणि लाइन गेली.

पलीकडे पाळीवर रुषी वलथरे जाळं सांधत होता,
अंगठ्याला दोरा, दातात टोक.
भागरता दारातून म्हणाली,
'का म्हनत होता बावा?'
'तूच, म्हनत होता.'
'मी? का केलं मी?'
'का जाने. लाइन गेली.'

ती हसत चुलीकडे वळली.
हा सांधत राहिला, बोटांनी बघत.
जाळं म्हणजे तरी काय, बांधलेली भोकं.
मधला दोरा तुटला की दोन भोकांचं एक होतं,
त्यालाच आपण फाटलं म्हणतो.
रुषी बसून पुन्हा त्या एकाचे दोन करतो.
त्याशिवाय मासा थांबत नाही.

मी घरी येऊन झोपलो. टेपचं बटण तसंच दाबलेलं.

पहाटे तीनला रुषी छातीभर पाण्यात होता.
काळोख असा की
पाणी कुठवर आणि आपण कुठून
हे गारठ्यावरूनच ओळखायचं,
आणि थोड्या वेळाने
गारठाही कळेनासा होतो.

तेव्हा लाइन आली.
टेपचं चाक आधी जड, मग सरळ फिरलं,
आणि रिकाम्या सभामंडपातून, अख्ख्या तलावावरून,
मेलेला माणूस एवढंच म्हणाला,
'...आहेस.'

रुषीने वळून पाहिलं नाही.
घरातून कोणी हाक मारावी तशी
'हाव' म्हणाला, आणि दोर ओढला.

हे त्यानेच सांगितलं, सकाळी, मरळ तोलताना.
मी विचारलं, 'काका, हाव कोनाले म्हनलं?'
त्याने हलणारं पारडं बोटाने थांबवलं.
'कोनाले म्हनू? एकटाच तं होतो.'

मग पारडं सोडलं.
'सव्वा किलो. पैसे उद्या आन.'