शुद्धीत

विट्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात
अण्णांचा अंगठा लागेना.
पुसला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला.
लाल दिवा.
काँप्युटरवरचा पोरगा म्हणाला, आजोबा, जरा दाबून.
अण्णा म्हणाले, एकेचाळीस वर्षं तेजाबात बुडवलाय बाळा,
त्यात वाचण्यासारखं काय उरलं न्हाई.

कोइमतूरला गलाईचं दुकान होतं आमचं.
सराफकट्ट्यावरची झाडलोट, राख, कानसाची भुकटी
मुशीत घालून अण्णा त्यातनं
गव्हाएवढं सोनं काढून दाखवायचे.
त्या शहराचं मला एवढंच आठवतं:
सवागीचा वास आणि बापाची पिवळी नखं.

मुल्लाणी वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला.
मी, हिंदुराव तातोबा शितोळे, वय अठ्ठ्याहत्तर,
पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय...
थांबा, अण्णा म्हणाले. शुद्धीत म्हणजे किती टंच?
बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या,
काका, बँकेचं मुखत्यारपत्र शुद्ध आहे तोवरच चालतं.
शुद्ध गेली की तेही गेलं.
म्हणून दवाखान्याचं वेगळं लिहायचं, आत्ताच.
आमच्यात उलटं असतंय, अण्णा म्हणाले,
आधी जळतं, मग शुद्ध होतं.

मिरजेला आईचे अकरा दिवस
त्यांच्या डोक्यात होते. माझ्याही.
काचेपलीकडं ती, नळ्या, आणि छाती वरखाली करणारं यंत्र.
दोन्ही भाऊ फोनवर: सगळं करा म्हणावं, पैशाचं बघू नका.
मी सह्या करत होते.
'रुग्णाशी नाते' या रकान्यात
एकदा चुकून 'आई' लिहिलं
आणि कुणीच दुरुस्त केलं नाही.
तिला काय हवं होतं
ते आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं.
लुगडं कुठलं, भाजी कुठली, हे विचारलं होतं.

शेत तिघांत. घर धाकट्याला.
दुकानाची पागडी थोरल्याला, तो तिथंच राहतो म्हणून.
यावर कुणी काही बोललं नाही.
पण दुसऱ्या कागदावर,
यंत्र लावू नये, छाती दाबू नये, दुखणं मात्र कमी करावं,
आणि मला सांगता येईनासं झालं तर
माझ्या वतीनं ठरवावं विजयमालानं,
इथं थोरला फोनवर तडकला:
आम्ही काय मेलोय?
अण्णा म्हणाले, तसं न्हवं.
तुला 'बास' म्हणायला जमायचं न्हाई.
तिला जमंल.

परतीच्या रिक्षात मी तेच वाक्य चावत बसले.
शाबासकी होती की काय होतं?
काळ्या दगडावर घासून
माझा कस काढला होता त्यांनी,
आणि आकडा सांगितला नव्हता.

हो, अंगठ्याचं राहिलं.
दहाही बोटं लावून बघितली.
डाव्या हाताची करंगळी लागली शेवटी,
हिरवा दिवा, पोरानं टाळी वाजवली.
तेजाबापासून तेवढी एक लांब धरायचे ते.
का, विचारलं मी.
म्हणाले, डोळा खाजवायला एक बोट स्वच्छ लागतं.

रात्री जेवल्यावर नोटरीचा कागद त्यांनी पुन्हा मागितला.
चष्मा लावून, बोट फिरवत,
दोन साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत.
झेरॉक्स फ्रिजवर लाव, म्हणाले,
आणलेली औषधं ठेवतो तिथं, कुणालाबी दिसंल अशी.
मग पेन मागितलं.
आता काही लिहिता येणार नाही अण्णा, शिक्का बसलाय.
बरं, म्हणाले. मग ऐक.
नळीनं न्हवं, चमच्यानं.
थोडं थोडं पाणी, तोंडात.
गिळलं न गेलं तरी ओठाला लाव.

हे कागदावर न्हाई, म्हणाले.
हे तुझ्याकडं.