वाळा

पहाटे साडेतीनला निकिफोर होडी सोडतो.
इंजिन लावत नाही. पाखरं उठतील, म्हणतो.
मला माहीत आहे, दोरी ओढायला
त्याचा उजवा हात आता पुरत नाही.

समुद्राला मिळायच्या आधी डॅन्यूब इथे
शंभरदा मन बदलते
आणि दर वेळी मागे एक डबकं सोडते.
डासांना आणखी काय हवं.

बोरूत सहा जाळी, धुक्याहून बारीक.
वाळुंजीच्या फांदीला टांगलेला सापळा:
डब्यात कोरडा बर्फ, रात्रभर
झोपलेल्या माणसाच्या श्वासाचं सोंग घेऊन.
डास त्याला फसतात. आम्हाला न फसता चावतात.

पहिली पिशवी. आत शिवणयंत्र चालू असावं
अशी धडधड.
बोरू-वटवट्या. अकरा ग्रॅम, वर थोडं.
मानेवर फुंकर घालते, पिसं दुभंगतात,
खाली दोऱ्याएवढी निळी शीर.
घेते ते मसुराच्या डाळीहून कमी.
मग पायात वाळा, तान्ह्याला घालतात तसा;
घुंगरांच्या जागी आकडे.

निकिफोर वहीत लिहितो. डाव्या हाताने.
गेल्या ऑगस्टात एकोणीस दिवस तो इस्पितळात होता.
ताप दुसऱ्याच नदीच्या नावाचा, वेस्ट नाईल.
डोक्यात गेला होता; येवदोकियाला, बायकोला,
आईच्या नावाने हाका मारायचा.
कुठून आला, डॉक्टरांनी विचारलं.
जूनमध्येच सापडला होता तो आमच्या नळीत.
पत्र पाठवलं होतं जिल्ह्याला, शिक्का मारून.
सप्टेंबरात पोच आली.

आज पाचव्या पिशवीत जुना वाळा निघाला.
मी आकडे वाचते, तो मागची पानं उलटतो,
थांबतो.
"त्या नळीतला? हाच?"
हाच. आजारी पडला, उठला,
वाळवंट ओलांडून गेला, आला.

निकिफोर बराच वेळ गप्प.
मग हात पुढे करतो, उजवा.
हात थरथरतो. पाखराला वाटत असेल
वाऱ्यावर बोरूच हलतोय,
मूठ उघडली तरी बसून राहतं
दोन श्वास.

नंतर बघते तर वहीत, त्याच्या खालच्या ओळीत,
निकिफोरने स्वतःला लिहून ठेवलंय.
वजन ब्याऐंशी किलो. वाळा नाही.
शेरा: परत आला.

यंदाही प्रत जिल्ह्याला जाईल.
खोडायचं असेल तर त्यांनी खोडावं.
पोच येईलच, सप्टेंबरात.