तीन सकाळी

छातीच्या फोटोत उजवीकडे नखाएवढा डाग.
"जुना असेल," डॉक्टर म्हणाले, "चुलीच्या धुराचाही असेल,
पण व्हिसाच्या कागदाला 'असेल' चालत नाही.
तीन सकाळी या, अनशापोटी.
डबीत खोलवरचं खोकून द्या."

अनशापोटी म्हणजे कॉफीशिवाय.
आणि अदिस अबाबातल्या आमच्या गल्लीत
कॉफी कुणी एकटं पीत नाही.
पहिल्या दिवशी म्हटलं, दाढ दुखतेय.
दुसऱ्या दिवशी, उपास.
बायकांनी एकमेकींकडे पाहिलं;
एकीने आपलं पोर माझ्या मांडीवरून उचललं.

तिसऱ्या दिवशी डबी देऊन परतले
तर वोर्कनेशच्या दारात निखारे अजून लाल.
दोन फेऱ्या होऊन गेलेल्या.
तिसरीला आम्ही बेरेका म्हणतो, बरकत.
अर्धा कप प्याले नि खोकला आला, थांबेना.
तिने माझ्या हातातला उष्टा कप घेतला
आणि सगळ्यांदेखत
गाळापर्यंत रिकामा केला.

प्रयोगशाळेला आठ आठवडे लागतील.
मुलगा टोरंटोहून रोज विचारतो, निकाल आला का?
वोर्कनेश विचारते,
उद्या कॉफी तुझ्याकडे ना?