आणीबाणीत कोणाला कळवावे

विनिपेगला, चर्चखालच्या तळघरात,
मंगळवार-गुरुवार, साडेचार ते सहा.
कॉलेजला चाळीस तास दाखवायचे म्हणून आलेले मी,
खरं सांगायचं तर.

लेतेब्रहानबाई बूट काढून बसतात,
बर्फाचं पाणी फरशीवर पसरत जातं.
शाळेचा फॉर्म. मुलगा फिलमोन, वय सात.
गोवराची लस?
त्या बाही वर सारून स्वतःच्याच दंडावरचा व्रण दाखवतात.
मी 'हो'वर खूण करते, खोडते,
मग विचारून येते म्हणून उठते.

परत येते तर पुढचा रकाना
त्यांनी तळव्याने झाकलेला.
नाव, नातं, फोन.
"अस्मारात बहीण," म्हणतात,
"रात्री लागतो फोन. कधीकधी."
आणि इथे?
पेनाचं टोपण लावतात, काढतात, लावतात.

स्वतःचा नंबर द्यायचा नाही.
पहिल्याच दिवशी सही केलीय मी त्यावर.

सिग्रिद, लिहिलं. दहा आकडे.
'नातं'पाशी हात अडला.
त्यांनी कागद आपल्याकडे ओढला
आणि त्यांच्या लिपीत दोन अक्षरं काढली.
मला वाचता आली नाहीत.
शाळेलाही येणार नाहीत.

फोन अजून आलेला नाही.
झोपताना आवाज मात्र
मी आता बंद करत नाही.