ऊन दाखवणं

रेडिच हे सुयांचं गाव.
म्हणजे होतं. आता जुन्या गिरणीत सुयांचं म्युझियम आहे,
आणि गावाबाहेर, टायरच्या दुकानामागे, आमचं युनिट नऊ,
जिथे इंजेक्शनची सुई प्लास्टिकच्या बुडात बसते.

सुई, बूड, आणि मध्ये मोहरीएवढा डिंक.
डिंक मी म्हणते; कागदोपत्री त्याला लांबलचक नंबर आहे.
ट्रे दिव्याखाली सरकतो, झडप उघडते,
चार सेकंद.
झडप मिटते.
थेंब होता, त्याचा खडा झालेला.

पहिल्या आठवड्यात मी ह्याला शब्द शोधत होते.
वाळणं नव्हे, ह्यातून पाणी कुठे जातच नाही.
थिजणं तुपाचं, त्याला गारठा लागतो.
पाक आळतो, पण तिथे जाळ हवा, वर धीर हवा,
इथे दोन्हीला जागा नाही.
शेवटी वहीत लिहिलं: ऊन दाखवलं.
गादीला दाखवतात, टोके पडलेल्या तांदळाला दाखवतात, तसं.
डिसेंबरात, बाहेर चारलाच अंधार,
आणि ऊन फक्त युनिट नऊमध्ये,
पत्र्याच्या पेटीत, कुलपाआड.

शेरिल ह्यूइन्सने शिकवलं मला.
बाही मनगटाखाली ओढ. पिवळ्या काचेतूनच बघ.
उघड्या डोळ्यांनी बघशील तर रात्रभर वाळू डोळ्यांत.
तिचे खापरपणजोबा इथेच सुयांना टोक काढायचे,
कोरड्या दगडावर, तोंडाला फडकं बांधून.
दगडाची धूळ, पोलादाची धूळ, सगळी छातीत.
पगार चांगला होता म्हणे,
कारण चाळिशी कुणी बघायचं नाही.
हे तिने ट्रे भरता भरता सांगितलं,
आणि त्याच सुरात विचारलं,
आज डब्यात ते चिंचगुळाचं वांगं आहे का.

फेब्रुवारी. रात्रपाळी.
शेरिल रजेवर, गुडघ्याचं ऑपरेशन.
दिवा जांभळा, रोजच्यासारखा.
सुरुवातीलाच मीटर लावायचा असतो,
मी नाही लावला. लाइन उशिरा सुटली होती,
आणि दिवा दिसत तर होता.

दोन वाजता ओढून बघायला पाच सुया घेतल्या.
पहिली टिकली.
दुसरी आली
दुधाच्या दातासारखी,
काही न दुखता.

मग मीटर ट्रेमध्ये ठेवला, बिस्किटाएवढा, आत पाठवला.
आकडा निम्म्याहून कमी.
हा दिवा म्हातारा होतो तेव्हा मंद दिसत नाही.
डोळ्याला हवं ते जांभळं देत राहतो;
कामाचं, न दिसणारं, ते आधी जातं.

अकरा हजार चारशे सुया,
लाल पट्टी लावून पिंजऱ्यात.
सही, हेमांगी खांबेटे, तारीख, वेळ.
ग्रॅहमने आवाज चढवला नाही, फॉर्म पुढे केला.
'मूळ कारण', दोन ओळींची जागा.
मी लिहिलं: दिसत होता म्हणून धरून चालले.
त्याने ते खोडलं, दिव्याचे तास लिहिले.

ब्रेकमध्ये शेरिलला मेसेज केला. जागीच होती, गुडघा ठणकत होता.
म्हटलं, एखादी कुणाच्या दंडात राहिली असती तर.
तिचं उत्तर आलं: राहिली का?
थोड्या वेळाने आणखी एक: तो दिवा मला कधीपासून आवडत नव्हता.

साडेसातला सुटले. गाड्यांच्या काचांवर बर्फाची साय,
टायरच्या दुकानावर सूर्य, पातळ, पाणी घातलेल्या ताकासारखा.
हातमोजे काढून मी तळवे पुढे धरले,
उगाच, आधी ही बाजू, मग ती.
किती होतं कोण जाणे.
मीटर आत होता, खिळ्याला, त्याच्या पिशवीत.