सतरा किलो चारशे

रद्दीवाल्या गुलाबरावांच्या हूकच्या काट्याला
दोन्ही हातांनी लोंबकळला कणाद,
पाय पोटाशी घेऊन.
आकडे थरथरले, मग थांबले.
सतरा किलो चारशे.
"पेपरपेक्षा भारी हाये तुमचं पोट्टं," गुलाबराव म्हणाले
आणि पेपरांचे एकशे दहा रुपये माझ्या हातावर ठेवले.

गाडीतली त्याची खुर्ची अठरापर्यंत चालते.
तसं तिच्या पाठीवर पिवळ्या कागदावर छापलेलं होतं.
आता कागद नाही, त्याच्या जागी
संत्रा बर्फीचा एक डाग आहे, धूळ धरून बसलेला.
पट्टे सगळ्यात वरच्या खाचेत,
खांदे खाचेच्या बोटभर खाली,
माझं बोट धरलं तर.
स्नेहलचं धरलं तर दीड.

नवी बैठक दिवाळीपासून कपाटावर, खोक्यात.
पाठ नाही, पाच पट्टे नाहीत, नुसती एक उंच गादी.
तिच्यावर बसलं की मोठ्यांचा पट्टा लागतो मुलाला:
गळ्यावरून नको, खांद्याच्या मधून हवा,
पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा,
आणि पोचेपर्यंत त्यानं तसंच बसायला हवं.
शेवटची अट वाचून स्नेहल हसली होती.
तिचा भाऊ म्हणाला, काय बाप्पा तुमचे चोचले,
आमची पोट्टी मांडीवर बसून काटोलला जाऊन येते.

मी काही बोललो नाही.
मी स्वतः उभा राहून वाढलो, स्कूटरच्या पुढच्या जागेत,
सदर ते इतवारी, तोंडात वारा आणि चिलटं.
बाबांचे दोन कोपर, तेवढाच पट्टा.
ब्रेक लागला की ते कोपर आवळायचे.
एकदा आवळायला उशीर झाला.
हनुवटीखाली अजून आहे तो उशीर,
दाढी करताना ब्लेड तिथे वळसा घेतं.

रविवारी मग खोकं काढलं.
नवतप्याचे दिवस, सकाळी आठलाच हँडल धरवेना.
जुन्या खुर्चीच्या बकलला आम्ही ओला रुमाल गुंडाळतो,
नाहीतर पोटाला चटका.
नवीनला रुमाल नको, याचाच त्याला केवढा आनंद.
"मी आता आईसारखा बसतो," त्यानं वॉचमनला सांगितलं,
लिफ्टमधल्या ढोबळे काकूंना सांगितलं,
कूलरची टाकी भरणाऱ्या पोऱ्यालाही.

बुटीबोरीपर्यंत जाऊन यायचं ठरलं.
छत्रपती चौकापर्यंत राजा.
विमानतळाजवळ त्याला खिडकीतून
पहिल्यांदाच रस्ता खालपर्यंत दिसला:
"बाबा, तो माणूस चप्पल न घालता चालून राहिला."
चिंचभुवनला पट्टा काखेतून मागे सारला. स्नेहलनं पुढे आणला.
खापरीला परत मागे. परत पुढे.
जामठ्याच्या आधी आवाज बंद झाला.

आरशात पाहिलं तर डोकं दारावर,
कंबर घसरून पुढे,
पट्टा गळ्याशी, सुरीसारखा तिरपा.
मागून एक ट्रक हॉर्न देत होता.
मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली,
आणि बराच वेळ हात स्टिअरिंगवरून काढला नाही.

जुनी खुर्ची डिकीत होती.
तशी सोय स्नेहलनं न बोलता करून ठेवली होती.
बाभळीच्या चार बोटं सावलीत ती आम्ही परत बसवली,
गुडघा रोवून पट्टे ओढले,
तिच्या फटीतून गेल्या वर्षीचा चिवडा सांडला.
त्याला उचलून आत ठेवलं.
डोकं आपोआप त्या जुन्या खोलगट जागी गेलं.
क्लिक झाल्यावर डोळे न उघडता म्हणाला,
"रुमाल?"
पाण्याची बाटली संपली होती.
मी बकलवर तळहात ठेवला, तापला, मग दुसरा ठेवला.

बुटीबोरी राहूनच गेली.

खोकं पुन्हा कपाटावर आहे.
अठरा झाले तरी लगेच नाही, असं ठरलंय,
म्हणजे मी ठरवलंय, स्नेहलनं मान हलवली
आणि मोठ्या खुर्च्यांच्या किमती बघत बसली.
गुलाबराव महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात.
कणाद आजकाल
तिसरी पोळी मागून राहिला.