पोचपावती

डिचोलीच्या बाजारात, सोनाराच्या दुकानावर,
अकरा पायऱ्या चढून दवाखाना.
तीनदा मी सातव्या पायरीवरून परत फिरले.
एकदा तर "छत्री विसरले" म्हणाले,
छत्री हातात होती.

डॉक्टर लविना मस्कारेन्यस. वय माझ्या नोकरीएवढं, चौतीस.
म्हणाली, भीतीला औषध आहे, बाय, चार तऱ्हांचं,
आणि टपालाचे दर सांगावेत तसं सांगू लागली:

नाकावर रबराची टोपी, गोडसर वास, अंग हलकं.
काढली की थोड्या वेळात साफ,
एकट्याच बसने घरी जा.
(हे साधं पोस्टकार्ड, मी मनात म्हटलं,
वाटेत कोणीही वाचेल.)

गोळी. तासभर आधी.
भीती राहते, पण शेजारच्या खोलीत.
सोबत कुणीतरी हवं.

शिरेतून थेंब थेंब.
जाग्या असाल, सांगितलं की 'आ' कराल,
आणि यातलं बहुधा काहीच आठवणार नाही.
सहा तास उपाशी. सोबत कुणीतरी हवंच.

पूर्ण झोप हवी तर बांबोळीला, मोठ्या इस्पितळात,
पण एका अक्कलदाढेसाठी एवढं कशाला?

"भीती कसली? सुईची?"

सुई नाही.
खाणीचा दवाखाना, मी आठ वर्षांची,
लाल धुळीने खिडकीची काच विटेसारखी.
कंपाउंडरकडे चिमटा होता, भूल संपली होती,
गुरुवारी येणार होती.
बाबांनी माझी मनगटं धरली.
चिमटा कसा होता, आठवत नाही.
मनगटं आठवतात.
बाबा चांगले होते. तेच तर.

"सोबत कोण येईल?"
चौतीस वर्षं मी या गावाचे पत्ते लावले
आणि त्या एका रकान्यात घालायला
माझ्याकडे नाव नव्हतं.
भाऊ स्विंडनला.
शेजारीण कोर्टात, माझ्याविरुद्ध, एका पोफळीवरून.

न्हानू गावकराचं नाव का सांगितलं, कळत नाही.
न्हानू माझा पोस्टमन. दोन मेमो दिलेत मी त्याला,
एक उशिरासाठी,
एक मयेच्या तळ्यावर टपालाची पिशवी
उशाला घेऊन झोपल्याबद्दल.
शनिवारी साडेआठला हजर. इस्त्रीचा शर्ट.
अर्जावर होतं, 'रुग्णाशी नाते'.
त्याने पेन झटकलं, बराच वेळ घेतला,
आणि लिहिलं: पोस्ट.

शीर सापडायला वेळ लागला.
छताचा पंखा. पंख्याचं एक पातं.
मग

ओठ कुणा दुसरीचा. तोंडात कापूस.
कागदाच्या पुडीत दाढ, वाकड्या मुळांची,
पत्ता न सापडून परत आलेली.
मी काही बोलले का रे?
न्हानू जिन्यात एक पायरी पुढे, पाठमोरा,
खांदा जरासा खाली केलेला.
धरा असं म्हणाला नाही. मी धरला.
"बोललात. पावतीचं काहीतरी."
आणि आणखी?
"पायरी बघा, बाय."

चोवीस तास गाडी नाही, विळी नाही, सही नाही.
संध्याकाळी गॅसवाला आला. सिलिंडर दारात, वही पुढे.
सही चालणार नाही म्हटलं, तर बघतच राहिला.
मनीऑर्डरच्या फॉर्मवर किती म्हाताऱ्यांचे अंगठे
मी हातात धरून उठवले असतील,
"दाबू नको गे, सैल सोड" म्हणत.
घरात शाई नव्हती.
कुंकवाच्या डबीत बोट बुडवलं.
ठसा जरा तिरका आला,
आणि ओठाच्या ज्या बाजूला अजून कळत होतं
त्या बाजूने मी हसले.